बुजरी कोंबडी, धीट कोंबडी

सकाळी खुराडे उघडून दहा कोंबड्या अंगणात सोडल्या आहेत असे समजा. उकिरड्यावर त्यांचे उकरणे चालले आहे. तेवढ्यात वरून घारीची सावली सरकून जाते. दहाही कोंबड्या ओरडत पळतात, त्यात नवल काही नाही. नवल आहे ते पुढेच. दोन-चार कोंबड्या थोड्याच वेळात पंख झाडून पुन्हा उकिरड्यावर येतात. काही जणी गोठ्यात दावणीखाली बराच वेळ दडून राहतात. आणि एखादी अशी असते, की संध्याकाळी खुराड्यात परतते तेव्हा तिची गळ्याखालची दाण्याची पिशवी जवळजवळ रिकामीच असते.

घार एकच, सावली एकच, अंगण एकच. मग हा फरक का? घरातली जाणती बाई चटकन सांगेल, "अगं, ती जातच बुजरी आहे." हे उत्तर बरेचसे बरोबर आहे. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत अमेरिका, हॉलंड, स्वीडन अशा देशांत पक्ष्यांच्या भीतीवर पुष्कळ प्रयोग झाले. त्यांतून दिसून आले, की धक्का बसल्यावर पक्ष्याच्या रक्तात एक विशिष्ट रस उतरतो, तो प्रत्येक पक्ष्यात सारखा उतरत नाही, आणि किती उतरायचा याचा बराचसा वारसा आईबापांकडून येतो.

अंड्यांच्या पैशावर मिठामिरचीचा आणि मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च भागवणाऱ्या घराला ही गोष्ट माहीत असणे फायद्याचे आहे. खुडूक कोंबडीखाली कोणाची अंडी ठेवायची, कोणता कोंबडा राखायचा, हे आपणच ठरवत असतो. म्हणजे पुढच्या वर्षीच्या खुराड्याचा स्वभावही थोडाबहुत आपणच ठरवत असतो.

भीती अंगात कशी भिनते

कोंबडी दचकली, की पहिल्या काही सेकंदांत तिच्या रक्तात ॲड्रिनलिन उतरते. छाती धडधडते, पायात बळ येते आणि ती पळते. हा पहिला टप्पा लगेच ओसरतो. दुसरा टप्पा जरा सावकाश येतो. मेंदूतून एक निरोप निघतो, मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी तो रक्तावाटे खाली धाडते, आणि मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथी कॉर्टिकोस्टेरॉन नावाचे संप्रेरक सोडू लागतात. माणसात आणि गाईम्हशींत या कामाला मुख्यतः कॉर्टिसॉल असते. पक्ष्यांत ते काम कॉर्टिकोस्टेरॉन करते.

या संप्रेरकाची चढ एवढी जलद असते, की पक्ष्याच्या रक्तातली मूळची पातळी मोजायची असेल तर पकडल्यापासून साधारण तीन मिनिटांच्या आत रक्त घ्यावे लागते. त्यानंतर घेतलेल्या रक्तात आपण पकडल्याची भीतीच मोजली जाते.

कॉर्टिकोस्टेरॉन हा काही शत्रू नव्हे. संकटात अंगातला साठा मोडून साखर मोकळी करणे आणि जीव वाचवणे हे त्याचे काम आहे. पण त्यासाठी वाढ, अंडी देणे, रोगाशी झुंजणे ही कामे ते मागे सारते. दुष्काळात घरातले बियाण्याचे धान्य दळून खावे लागते, तसाच हा प्रकार आहे. एक-दोन वेळा भागून जाते. रोजच बियाणे दळले, तर पेरणीला काय उरणार? ऊन, गर्दी, भूक, कुत्र्याचा त्रास, एकमेकींचे टोचणे असे रोजच्या रोज चालले, की कोंबडी वाळते, अंडी कमी होतात आणि साथ आली की तीच आधी पडते. या अवस्थेला शास्त्रज्ञ ताण म्हणतात.

हा ताण ओळखण्याची एक स्वस्त रीत अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातले डब्ल्यू. बी. ग्रॉस आणि पॉल सीगल या दोघांनी १९८३ साली मांडली. कोंबडीच्या रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशी मोजायच्या. ताण वाढला, की हेटेरोफिल नावाच्या पेशी वाढतात आणि लिम्फोसाइट नावाच्या घटतात. दहा लिम्फोसाइटमागे दोन हेटेरोफिल असले तर ताण कमी, पाच असले तर मध्यम, आठ असले तर जास्त, असा ढोबळ हिशेब त्यांनी पुढे दिला. आजही कोंबड्यांच्या संशोधनात ही रीत वापरली जाते.

खाण तशी माती

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हा रस कोणात जास्त, कोणात कमी, हे वंशातून येते कशावरून?

अमेरिकेतल्याच लुइझियाना राज्यात डॅनियल सॅटर्ली यांनी जपानी लाव्यांवर एक प्रयोग केला. एकेका लाव्याला काही मिनिटे अरुंद पिंजऱ्यात हलता येणार नाही असे कोंडायचे आणि लगेच त्याच्या रक्तातले कॉर्टिकोस्टेरॉन मोजायचे. ज्यांच्यात ते खूप चढले त्यांची जोडी त्यांच्यासारख्यांशीच लावली. ज्यांच्यात कमी चढले त्यांची त्यांच्यासारख्यांशी. पिढ्यान् पिढ्या असे केल्यावर एकाच मूळ कळपातून दोन वेगळे वंश उभे राहिले. एक जास्त ताण घेणारा, दुसरा कमी. हा वृत्तांत १९८८ साली प्रसिद्ध झाला.

पुढे असे दिसले, की फरक फक्त कोंडण्यापुरता नव्हता. थंडी, खोक्यात भरून नेणे, दाणापाणी बंद होणे, अनोळखी पक्ष्यांत सोडणे, अशा हरेक प्रसंगी पहिल्या वंशाचे रक्त जास्त उसळे. दुसऱ्या वंशाचे लावे कमी भित्रे निघाले आणि त्यांच्या माद्या अंड्यावरही लवकर आल्या.

स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठात पेर येन्सेन यांच्या मंडळींनी याच गोष्टीचे दुसरे टोक तपासले. आपल्या कोंबडीचा मूळ पुरुष म्हणजे तांबडा रानकोंबडा. सह्याद्रीत जो ओरडतो तो करडा रानकोंबडा, त्याचा भाऊबंद. पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचे आणि पिवळ्या पायांचे जनुक या करड्या रानकोंबड्याकडून आले, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. तर येन्सेन यांच्याकडच्या मंडळींनी तांबडा रानकोंबडा आणि पांढरी लेगहॉर्न यांना सारखाच धक्का देऊन रक्त तपासले. रानकोंबड्यांत कॉर्टिकोस्टेरॉन जास्त चढले. ते तयार करणाऱ्या ग्रंथीतल्या काही जनुकांचे कामही दोघांत वेगळे आढळले. हे निष्कर्ष २०१५ साली आले.

याचा अर्थ एवढाच, की हजारो वर्षे माणसाने जी कोंबडी हाताला लागली, दाराशी थांबली, तिचीच पिल्ले वाढवली. तसे करता करता न कळत तिच्या रक्तातली भीती कमी झाली. याच विद्यापीठात रानकोंबड्यांतूनच माणसाला कमी भिणारे पक्षी निवडून त्यांची पैदास केली, तेव्हा काही पिढ्यांतच ते पक्षी अंगानेही थोराड भरू लागले. भीती आणि वाढ यांचे नाते असे जवळचे आहे.

अंड्यातून जाणारा निरोप

वारसा म्हणजे केवळ जनुकांचाच, असेही नाही. आईच्या रक्तातले कॉर्टिकोस्टेरॉन थोडेसे अंड्याच्या बलकात उतरते. लाव्यांवरच्या प्रयोगात माद्यांच्या अंगात हे संप्रेरक मुद्दाम वाढवले, तेव्हा त्यांच्या पिल्लांची वाढ सावकाश झाली, आणि मोठेपणी ती पिल्ले धक्क्याला जास्त भडकून उठणारी निघाली. २००४ साली हे दाखवून दिले गेले. सॅटर्ली यांच्या जास्त ताण घेणाऱ्या वंशातील माद्यांच्या अंड्यांतही हे संप्रेरक जास्त सापडले.

आपल्याला यातून घ्यायचे ते साधे आहे. पैदाशीची अंडी ज्या कोंबड्यांची घ्यायची, त्यांना तरी त्या दिवसांत उपास, ऊन आणि धावपळ होऊ देऊ नये. पिल्लाची जपणूक अंडे फुटल्यावर सुरू होत नाही. ती आईपासून सुरू होते.

जास्त अंड्यांची, पण कोणाच्या जिवावर?

आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पैदाशीसाठी निवड करताना आपण काय पाहतो? जी एकटी सर्वांत जास्त अंडी देते ती. वरवर हे शहाणपणाचे वाटते. पण पिंजऱ्यात किंवा दाटीच्या खुराड्यात जास्त अंडी देणारी कोंबडी पुष्कळदा दांडगी असते. इतरांना टोचून, दाण्यावरून हाकलून ती स्वतःचे पोट भरते. तिच्याच लेकी राखत गेलो, तर काही वर्षांत खुराडे दांडगटांनी भरते आणि सगळ्याच एकमेकींच्या जिवावर उठतात.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्युइर यांनी निवडीची रीत बदलून पाहिली. लेगहॉर्न कोंबड्या घेतल्या, त्यांच्या चोची कापल्या नाहीत. एका बापाच्या लेकी एका पिंजऱ्यात एकत्र ठेवल्या, आणि निवड एकेका कोंबडीची न करता संपूर्ण पिंजऱ्याची केली. ज्या पिंजऱ्यात मिळून अंडी जास्त आणि मरतूक कमी, ते कुटुंबच्या कुटुंब पैदाशीला घ्यायचे. बाकीची कुटुंबे सोडून द्यायची.

निकाल १९९६ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या पिढीत अशा पिंजऱ्यांत वर्षाकाठी शंभरातल्या ६८ कोंबड्या मरत होत्या. चौथ्या पिढीत हे प्रमाण शंभरात ९ च्याही खाली आले. सुरुवातीला ठेवलेल्या दर कोंबडीमागे वर्षाची अंडी ९१ होती, ती २३७ झाली. चौथ्या पिढीतल्या कोंबड्यांची पिंजऱ्यात एकत्र राहून जेवढी मरतूक झाली, ती निवड न केलेल्या कोंबड्या एकट्या-एकट्या ठेवल्यावर होणाऱ्या मरतुकीएवढीच होती. पुढे या शांत वंशाचे आणि दांडग्या वंशाचे रक्त तपासले, तेव्हा ताणाशी आणि मेंदूशी संबंध असलेल्या रसांतही फरक मिळाला.

चार पिढ्या म्हणजे कोंबडीच्या हिशेबाने चार-पाच वर्षे. आपल्या परसात दहा कोंबड्यांवर एवढा मोठा फरक एवढ्यात पडेल असे कोणी समजू नये. पण दिशा हीच आहे. नांदणारी कोंबडी निवडावी, नुसती जिंकणारी निवडू नये.

मग बुजरेपणा वाईटच का?

इथे घाई करून चालणार नाही. बुजरी कोंबडी कोंबडीच नव्हे, असा अर्थ कोणी काढला तर नुकसान होईल.

हॉलंडमध्ये ग्रेट टिट नावाचा चिमणीएवढा रानपक्षी आहे. त्याच्यावर तिथले संशोधक अनेक वर्षे लक्ष ठेवून आहेत. या पक्ष्यांत काही जन्मजात धीट असतात, नव्या जागी भराभर फिरतात. काही बुजरे असतात, प्रत्येक फांदी तपासून पुढे जातात. चार पिढ्या निवड करून या दोन स्वभावांचे दोन वंश वेगळे करता आले, म्हणजे स्वभावाचा निम्म्याच्या आसपास भाग वारशाचा होता. पण रानात कोण तगले? २००४ साली छापलेल्या अभ्यासात असे दिसले, की एखाद्या वर्षी धीट माद्या जास्त जगल्या तर दुसऱ्या वर्षी बुजऱ्या, आणि नरांचे नेमके उलटे झाले. ज्या हिवाळ्यात झाडांखाली खाण्याचा सुकाळ असे त्या वर्षी पारडे एका बाजूला, दुष्काळ असे तेव्हा दुसऱ्या बाजूला. म्हणूनच निसर्गाने दोन्ही स्वभाव राखून ठेवले आहेत.

आपल्या गावातही हेच लागू पडते. मोकळ्या परसात घार आहे, मुंगूस आहे, बोका आहे. तिथे सावली पडताच पिल्लांना हाक घालून पंखाखाली घेणारी सावध कोंबडी हवी. अगदी निर्धास्त कोंबडी तिथे पहिल्या महिन्यातच मुंगसाच्या तोंडी जाईल. उलट, बंदिस्त शेडमध्ये पाचशे पक्षी एका छपराखाली असतील तर तिथे भांडे पडल्याच्या आवाजाने कोपऱ्यात एकमेकींवर चढून गुदमरणारा कळप परवडत नाही. तिथे शांत वंश हवा. जमिनीचा पोत पाहून आपण ज्वारीचे वाण निवडतो, तसे घर पाहून कोंबडीचे रक्त निवडावे.

हा विचार आपल्याकडच्या संस्थांनीही केला आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने तयार केलेली वनराजा आणि बंगळूरची गिरिराजा या जाती परसासाठीच आहेत. त्यांचा रंगीबेरंगी पिसारा घारीला पांढऱ्या कोंबडीइतका लांबून उठून दिसत नाही. उन्हाच्या ताणाचेही तसेच. उघड्या मानेची कोंबडी काही जणांना ओंगळ वाटते. पण ते उघडेपण एका जनुकामुळे येते. आईकडून किंवा बापाकडून, एकाच बाजूने ते आले तर पिसे सुमारे २० टक्क्यांनी, दोन्हीकडून आले तर सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतात. कोंबडीला घाम येत नाही, तिला उष्णता टाकायची ती उघड्या कातडीतून आणि धापा टाकूनच. म्हणून तापत्या मुलखात ही मान फार कामाची आहे. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने या जनुकाचा उपयोग करून हितकारी ही परसातली जात तयार केली, आणि उलट्या कुरळ्या पिसांच्या जनुकावरून उपकारी.

घरी काय करता येईल

रक्त तपासायला प्रत्येकाच्या घरी सूक्ष्मदर्शक नाही. पण डोळे आहेत. पुढील गोष्टी बिनखर्चाच्या आहेत.

१. पैदाशीच्या कोंबड्या पारखताना महिनाभर पाहावे. दचकल्यावर लवकर दाण्यावर कोण येते? जागा बदलली तरी अंडी कोण चालू ठेवते? कोण दुसरीला टोचत नाही? उन्हाळ्यात कोण तगली? अशांच्या पायात रंगीत दोरा सैलसर बांधून ठेवावा. अंडी उबवायला बसवायची वेळ येते तेव्हा आठवण दगा देते, दोरा देत नाही.

२. कोंबड्याकडे दुर्लक्ष करू नये. प्रत्येक पिल्लात निम्मे रक्त त्याचे असते. कोंबड्यांना रक्तबंबाळ करणारा, माणसाच्या अंगावर येणारा कोंबडा कितीही देखणा असला तरी पैदाशीला ठेवू नये. घरच्याच कोंबड्याच्या लेकी-नातींशी जोडी लागत राहिली तर वंश खालावतो, म्हणून मधूनमधून दुसऱ्या गावचा चांगला कोंबडा आणावा.

३. पिल्लांना लहानपणापासून हाताची सवय लावावी. ग्रॉस आणि सीगल यांनी १९८२ साली दाखवले, की ज्या पिल्लांना रोज हळुवार हाताळले त्यांनी खाल्लेल्या दाण्याचे चीज जास्त केले आणि रोगालाही ती जास्त पुरून उरली. हे काम घरातल्या मुलांवर सोपवण्यासारखे आहे. मात्र पाठलाग करून पकडण्याचा खेळ होऊ देऊ नये, त्याने उलटाच परिणाम होतो.

४. पकडायचेच झाले तर अंधार पडल्यावर, खुराड्यातून, दोन्ही हातांनी पंख दाबून उचलावे. पाय धरून उलटे लटकवून नेलेल्या पक्ष्यांच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन जास्त चढते, असे प्रयोगात दिसले आहे. बाजाराला नेताना डालग्यात ऐसपैस बसवून न्यावे.

५. उन्हाळ्यात दाणा पहाटे आणि दिवस कलल्यावर द्यावा. दाणा पचताना अंगात उष्णता निर्माण होते, तिची भर दुपारच्या उन्हात नको. पाणी मडक्यातले, सावलीतले, दिवसातून अनेकदा बदललेले असावे. छपरावर चुना किंवा पाचट, बाजूला ओले गोणपाट लावावे, पण वारा कोंडू नये. कोंबडी चोच वासून धापा टाकू लागली, की तिला ऊन सोसेनासे झाले असे समजावे. धापांमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवच पातळ होते. उन्हाळ्यात अंडी फुटतात त्याचे हे एक कारण आहे.

६. दोन ताण एकदम देऊ नयेत. नवी जागा, नवा दाणा, नव्या कोंबड्यांची भर आणि लस या गोष्टी एकाच आठवड्यात आणू नयेत. मानमोडीची, म्हणजेच राणीखेतची लस पिल्लांना पहिल्या आठवड्यात आणि पुढे सहाव्या ते आठव्या आठवड्यात देण्याची पद्धत आहे. वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून पक्के करावे. लस सकाळच्या किंवा संध्याकाळच्या थंड वेळी, धडधाकट पक्ष्यांनाच द्यावी. ताणाने खचलेल्या पक्ष्यात लसीचा जोर नीट धरत नाही.

७. खुराड्यात बुजऱ्या कोंबडीलाही जागा मिळेल अशी सोय करावी. दाण्याची एकच पाटी ठेवण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात. आडोशाला अंडी घालण्याची एक जास्त टोपली असावी. दांडगीला सगळ्या पाट्या एकाच वेळी राखता येत नाहीत, आणि मागे राहणारीच्या पोटात दाणा जातो.

वंश बदलायला वर्षे लागतात, पण पाट्या आणि सावली आजच बदलता येते. ज्या कोंबडीचे रक्त उसळते तिला उसळायचे निमित्त कमी दिले, तर तीही अंड्यावर टिकते. आणि शांत वंशाच्या कोंबडीलाही रोज कुत्रा मागे लागला, तर तिचे शांतपण फार दिवस पुरत नाही. म्हणून निवड आणि निगा ही दोन्ही कामे बरोबरीने चालवावी लागतात.

पुढच्या खेपेस कोंबडी खुडूक बसेल तेव्हा हाताला लागतील ती बारा अंडी तिच्याखाली सारू नका. दोरा बांधलेल्या कोंबड्यांचीच, आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची अंडी वेचून ठेवा. एकवीस दिवसांनी जी पिल्ले बाहेर येतील ती त्यांच्या आईबापांचा धीर थोडाफार घेऊनच येतील.